बँडसमोरची खुर्ची

मावशी स्वयंपाकघरातल्या बिनहातांच्या खुर्चीत बसायची ती जुन्या फोटोतल्या नवरीसारखी. पाठ ताठ, घोटे एकमेकांवर, हात मांडीवर, मान किंचित डावीकडे. डावीकडे काहीच नव्हतं, फ्रिज होता. पण तिकडून उजेड येत असावा तशी ती बसायची आणि ओठांवर एक हलकं हसू असायचं, जे समोरच्या कोणासाठीच नव्हतं. गॅसवरची अंडी उकडेपर्यंत ती तशीच असायची. मला वाटायचं, इकडची माणसं म्हातारपणी अशी होत असतील. पुढे कळलं की तसं बसणं ही तिची नोकरी होती. तरुणपणाची आठ वर्षं तिनं तसं बसून काढली होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी मातीचा अभ्यास करायला गेले होते आणि मावशीच्या घराचा वरचा मजला आम्ही दोघींनी भाड्यानं घेतला होता, मी आणि नागपूरची माझी रूममेट. मावशी ही आमची घरमालकीण. साठी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हाडापेरानं मोठी अमेरिकन बाई. मला नावानं हाक मार, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. रूममेटनं परस्पर "मावशी" करून टाकलं.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"आईची बहीण."

"बरं झालं. आईची नणंद नाही केलीत," ती म्हणाली आणि तेव्हापासून हाकेला ओ देऊ लागली. ती अर्थातच इंग्रजीत बोलायची. पण मला ती आठवते ती मराठीतच. काय करणार.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, आणि उगाच नम्र होऊनही सांगत नाही. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती. तिथल्या मराठी मंडळींच्या जेवणांना गेलं की एखादे डॉक्टर काका प्रेमानं विचारायचे, "वडील काय करतात?" मी सांगायचे. मग कोशिंबीर पुढे सरकवली जायची आणि विषय बदलायचा. मला त्याचं काही वाटत नसे. कोशिंबीर चांगली असायची.

वडिलांना लिहिण्याचा कंटाळा. त्यामुळे कोणी इकडे येणारं असलं की ते त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचे. बोलणं कमी, वाजवणं जास्त. पहिल्या हिवाळ्यात अशीच एक कॅसेट आली. बाहेर बर्फ इतका हळू पडत होता की तो पडतोय की वर चाललाय ते कळत नव्हतं. मी टेपरेकॉर्डर लावून, खिडकीला नाक टेकवून बसले होते. मागे आमच्या गल्लीतलं कुत्रं भुंकतंय, कोणीतरी बादली आपटतंय, आणि त्या सगळ्यावरून वडिलांची क्लॅरिनेट.

जिना वाजला. मावशी कधी वर येत नसे, तिचे गुडघे दुखायचे. ती दारात उभी राहिली, कठड्याला धरून, धापा टाकत.

"कोण आहे हा?"

"माझे वडील."

ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. बसली म्हणजे तशीच, घोटे एकमेकांवर. कॅसेटची बाजू संपेपर्यंत ऐकत राहिली.

"हा माणूस श्वास कधी घेतो?" तिनं विचारलं.

"चालता चालता. वरातीत चालतच वाजवावं लागतं."

"चालत?" ती हसली. "बघ. आणि आम्हाला हलायची परवानगी नव्हती."

त्या दुपारपासून ती मला सांगू लागली. सलग नाही. बर्फ पडत असला, चहा झालेला असला, मातीचे नमुने लॅबच्या भट्टीत वाळत असल्यामुळे मला घाई नसली की तुकड्यातुकड्यानं. कोळशाच्या खाणींच्या गावातली ती मुलगी. चर्चमध्ये गायची. रेडिओवर एकदा गाण्याची संधी मिळाली, आणि योगायोगानं त्या आठवड्यात एका नाचाच्या बँडची गायिका लग्न करून निघून गेली. स्विंग नावाच्या नाचाच्या संगीताचा जमाना होता तो. गावोगावच्या हॉलमध्ये शेकड्यानं जोडपी नाचायची आणि बँड बसनं आज इथे उद्या तिथे फिरायचे. वादक सगळे पुरुष, बाई एकच, गाणारी. तिला सगळे कॅनरी म्हणायचे. पिंजऱ्यातला पिवळा पक्षी असतो ना, तोच.

"मला तिचा झगा मिळाला," मावशी म्हणाली. "आधीच्या मुलीचा. चंदेरी. कमरेत दोन टाचण्या लावल्या की बसला. गाणी मात्र बसली नाहीत."

म्हणजे असं की बँडचं प्रत्येक गाणं आधीच लिहून ठेवलेलं. कोणी कधी काय वाजवायचं, सगळं कागदावर, आणि ते आधीच्या मुलीच्या पट्टीत. तिचा आवाज उंच, पातळ. मावशीचा मुळात खालचा, जाड. पण नव्या मुलीसाठी बँडची सगळी गाणी नव्यानं कोण लिहिणार? तिनं आपला आवाज वर चढवला. आठ वर्षं चढवून ठेवला. लोक म्हणायचे, काचेसारखा आवाज आहे.

"काचच होती," ती म्हणाली. "रोज रात्री वाटायचं, आज फुटणार."

आणि गाणं तरी किती? बँड सुरू व्हायच्या आधी तिनं येऊन पुढच्या खुर्चीत बसायचं. सगळे वाजवत असताना हसतमुख बसायचं, ताल धरायचा नाही, पाय हलवायचा नाही, लक्ष खेचायचं नाही. गाणं अर्धं झालं की उठायचं, मधला एक तुकडा गायचा, पुन्हा बसायचं. बस्स. रेकॉर्डवर बँडमास्तरांचं नाव ठसठशीत आणि खाली बारीक अक्षरात एवढंच, की सोबत गायनही आहे. कोणाचं ते नाही.

मला हे ऐकताना गुंगी यायची. कंटाळ्याची नव्हे. तिच्या बोलण्यात बस चालू असायची, खिडकीबाहेर काळोखात मक्याची शेतं, मागच्या सीटवर ती ओला झगा पसरून वाळवतेय, पुढे कोणी घोरतंय. मग एखाद्या तळ्याकाठचा लाकडी हॉल, छताला फिरणारा आरशांचा गोळा, भिंतींवर तरंगत जाणारे उजेडाचे ठिपके. आणि माझ्या डोक्यात त्यात आमच्याकडच्या गॅसबत्त्या मिसळायच्या. एकदा मला स्वप्न पडलं की वडिलांची वरात स्टेट कॉलेजच्या मुख्य रस्त्यावरून बर्फातून चाललीय, लाल कोटांवर पांढरी रेघ धरलीय, आणि घोड्यावर नवऱ्याच्या जागी मावशी बसलीय, चंदेरी झग्यात, मान डावीकडे करून. घोडासुद्धा पाय न वाजवता चालत होता.

रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "तू काय करून राहिली बाप्पा इथे? माती शिकायला आली का बाजा वाजवायला?"

दुसरं महायुद्ध आलं, अर्धे वादक सैन्यात गेले, पेट्रोल मिळेना, बँड मोडला. मावशीनं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या एका सज्जन माणसाशी लग्न केलं आणि या गावात आली. नंतर कधी गायली का, तर नाही. दिवाणखान्यात पियानो होता, त्यावर कुंड्या होत्या.

बर्फ वितळला त्या सुमाराला फोन आला. तिच्या त्याच बँडमास्तरांचा. पंचाहत्तरीचे गृहस्थ, त्यांनी बँड पुन्हा उभा केला होता. जुन्यातले तिघे, बाकी शाळेतले संगीत मास्तर, एक दातांचा डॉक्टर असे गोळा केलेले. जूनमध्ये आमच्या गावच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये नाचाची संध्याकाळ ठरली होती. तू तिथेच राहतेस ना, मग एक गाणं म्हण.

तिनं हो म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. "फार पटकन हो म्हटलं का गं?" तिनं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी पियानोवरच्या कुंड्या खिडकीत गेल्या. तिनं त्यांच्या बँडचं एक संथ गाणं काढलं आणि खालून, स्वतःच्या आवाजात, ते गुणगुणली. मी जिन्यात उभी होते. लॅबचा कोट अंगात, बस चुकणार हे माहीत होतं, तरी उभी राहिले. हा आवाज मी त्या घरात ऐकलाच नव्हता. पावसाळ्यात नांगरलेल्या रानासारखा, जड आणि गरम. मग तिनं तेच गाणं बँडच्या पट्टीत घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत आवाज चिरला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच चिरला.

मी आत जाऊन म्हटलं, "पट्टी उतरवा की."

"ती माझी नाही, बँडची आहे."

"मग बँडला सांगा."

तिनं पियानोचं झाकण लावलं. "आठ वर्षांत एकदाही सांगितलं नाही," ती म्हणाली. "एकदा तरी माझ्या आवाजात म्हणावं असं वाटायचं. एकच गाणं. लोकांसमोर. मग मेले तरी चालेल असं वाटायचं तेव्हा. आता मरायचं नाहीये, पण म्हणायचं अजून आहे."

पुढचे दोन महिने तिनं वरच्या पट्टीचाच नाद केला. मध, गरम पाणी, गळ्याला फडकं. रोज सकाळी ती चिरणारी ओळ जिन्यावरून वर यायची आणि आम्ही दोघी चहाचे कप हातात धरून श्वास रोखायचो.

"होते की नाही?" रूममेट कुजबुजायची.

नाही व्हायची.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस हॉलमध्ये तालीम होती. मावशीनं मला बरोबर घेतलं, एकटीला धीर होत नव्हता म्हणून. दुपारची वेळ. लाल बंब बाहेर अंगणात काढून उभे केलेले, हॉलच्या फरशीवर तेलाचे डाग, उन्हाचे चौकोन. बँडमास्तर उंच, वाकलेले, अतिशय मऊ बोलणारे. त्यांनी मावशीचा हात दोन्ही हातांत धरला आणि पुढे ठेवलेली खुर्ची दाखवली. तिचीच जागा. ती जाऊन बसली. ताठ पाठ, घोटे, मान.

बँड सुरू झाला आणि, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. इतकी पितळी वाद्यं आणि तरी कोणी ओरडत नव्हतं. ती उठली, गायली, आणि तिसऱ्या ओळीत आवाज चिरला. वाद्यं एकामागून एक थांबली. ड्रमवाला सगळ्यात शेवटी.

"तालीम आहे," बँडमास्तर म्हणाले. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच. मग ते खाली वाकून तिला मऊ आवाजात म्हणाले की विद्यापीठातली एक मुलगी आहे, तिला ही गाणी येतात, तू हवं तर नुसती येऊन बस, लोकांना तुझी ओळख करून देऊ.

नुसती येऊन बस. मला राहवलं नाही. मी भिंतीजवळून उठून पुढे गेले.

"पट्टी खाली घ्या ना," मी म्हटलं. "काळी चारची काळी दोन करा. माझे वडील रस्त्यात चालता चालता करतात. नुसतं बोट दाखवतात, सगळा बँड उतरतो."

काळी चार कोणालाच कळलं नाही, खाली घ्या तेवढं कळलं. बँडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिडले नाहीत.

"तुझ्या वडिलांच्या बँडमध्ये पुढे कागद असतात?"

"एकही नाही."

"मग सगळे काय वाजवतात?"

"गाणं."

"सगळे? गाणंच?"

"हो. सगळे मिळून एकच गाणं. दुसरं कशाला वाजवतील?"

मागचे ट्रॉम्बोनवाले हसले. बँडमास्तरही हसले, पण मला जवळ बोलावून त्यांनी कागद दाखवले. प्रत्येकाचा वेगळा. गाण्याची चाल त्यातल्या एकावरही सलग नव्हती. "चाल फक्त तिच्याकडे," ते म्हणाले. "आम्ही तिच्याभोवती घर बांधतो. घर उचलून तळघरात ठेवता येत नाही. नवीन बांधायला हवं, आणि बांधणारा माणूस वारला."

माझं चुकलंच होतं. बँड म्हणजे आमचा बँड, एवढंच मी धरून चालले होते. आणि तेवढ्यात मावशी हसायला लागली. मोठ्यानं, खुर्चीत मागे रेलून, पाय सरळ सोडून. तिला तशी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"घर नकोच," ती म्हणाली. "मी उघड्यावर गाते. पियानो येऊ दे, तो मोठा उभा बास येऊ दे, ड्रम. त्यांना पट्टी उतरवता येते, मला माहितेय. बाकीच्यांनी बसा."

"बसा म्हणजे?"

"बसा म्हणजे बसा. वाद्य मांडीवर."

"दहा माणसं? लोक बँड ऐकायला येतात गं."

"मी तुमच्यापुढे आठ वर्षं बसले," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, त्या तिच्या मूळच्या जागी. "हात मांडीवर ठेवून. हसत. तुम्ही एक गाणं बसा."

मग दातांचा डॉक्टर, जो सॅक्सोफोन वाजवायचा, म्हणाला, "मला चालेल. दिवसभर उभाच असतो." बँडमास्तर बराच वेळ हातातली छडी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "हसायचं पण का?"

"ऐच्छिक आहे," मावशी म्हणाली.

शनिवारची संध्याकाळ आली. जूनचा तो लांबलेला उजेड, संपायचं नावच घेत नाही असा. हॉलचे मोठे दरवाजे वर गुंडाळून ठेवले होते आणि आत-बाहेर असं काही उरलंच नव्हतं. बाहेर बंबांवर पोरं चढलेली, गवतावर काजवे, आत म्हातारी जोडपी फरशीवर अलगद फिरत होती, जणू पाय कोणी दुसरंच हलवतंय. रूममेटनं नागपूरहून आणलेली साडी नेसली होती. मी कोपऱ्यातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून लाल बटण दाबलं. वडिलांना पाठवायचं होतं.

मावशी पुढच्या खुर्चीत नव्हती. खुर्ची तिनं आधीच उचलून बाजूला ठेवली होती. ती मागून आली, निळ्या साध्या झग्यात, आणि उभी राहिली. बँडमास्तरांनी छडी खाली ठेवली. दहा जणांनी वाद्यं मांडीवर घेतली. पियानोनं दोन सूर दिले.

तिनं गाणं सुरुवातीपासून घेतलं. बँडच्या काळात हा सुरुवातीचा भाग कधी गायलाच जायचा नाही, नाचाला तो लागत नाही म्हणून. जोडपी थांबली. पहिली एक, मग सगळीच, जिथे होती तिथे, एकमेकांचे हात न सोडता. तो जड, गरम आवाज फरशीवरून आला आणि मला वाटलं तो आधी पायांना कळतोय. तिसरी ओळ आली. रूममेटनं माझं मनगट धरलं. ओळ गेली. म्हणजे नुसती गेली, दारातून बाहेर, काजव्यांमध्ये, जणू तिथे कधी काही अडलंच नव्हतं. एका जागी शब्द चुकला तर मावशीनं तो गुणगुणून भरून काढला आणि हसली, आणि ते हसू कोणासाठी होतं ते यावेळी कळत होतं.

मी बँडकडे पाहिलं. पितळेवर संध्याकाळ पडली होती. तरुण मास्तर लोक टक लावून तिच्या पाठीकडे बघत होते. तिघा जुन्यांपैकी एकानं डोळे मिटले होते. बँडमास्तरांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. त्यांनी ते खिशात घातले, बाहेर काढले, कोटाचं बटण चाचपलं. मग मावशीनं बाजूला ठेवलेली ती खुर्ची त्यांनी ओढली, तीत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

"अशी असते का तुमच्यात गाणारी?" रूममेटनं विचारलं. तुमच्यात म्हणजे बँडवाल्यांत. मी म्हटलं, नसते. आमच्यात गाणारं कोणी नसतंच. नुसतं वाजवणं.

घरी परतताना मावशीनं गाडी फार हळू चालवली. जिन्याशी थांबून तिनं मला विचारलं, "घर नव्हतं, पण भिजले नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

कॅसेट वडिलांना पोचायला वेळ लागला. मी फोन केला तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, तिथून कोणीतरी धावत जाऊन त्यांना बोलावून आणलं. लाइनीत समुद्रासारखा आवाज होता.

"ऐकली," ते म्हणाले. "बाई चांगली गाते. खालून गाते. पण तू म्हणालीस बँड आहे. दोन-तीनच माणसं वाजवतायत. बाकीचे कुठे गेले?"

"तिथेच होते. बसून ऐकत होते."

"वाजवायचं सोडून?"

"हो."

मागे दुकानाच्या शटरचा आवाज आला, एक रिक्षा गेली. वडील जन्मभर उभ्यानं किंवा चालत वाजवत आले होते. मांडवात त्यांना कधी कोणी बसा म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

"खुर्च्या होत्या त्यांना?" त्यांनी विचारलं.

"होत्या," मी म्हटलं. "सगळ्यांना."